बाळंतपणात नस दबून पाय दुबळा झाला तर : कोकणातल्या घरात ताकद परत कशी आणायची

बाळंतपण झालं, बाळ व्यवस्थित आहे, आणि दुसऱ्या दिवशी खाटेवरून उतरताना बाईचा गुडघा एकदम दुमडतो. किंवा चालताना एका पायाचा चवडा जमिनीला घासतो, चप्पल पायातून निसटते आणि तिला कळतही नाही. घरात दोन निदानं लगेच तयार असतात. एक, ‘पाठीत इंजेक्शन दिलं, त्याचाच हा प्रताप.’ दुसरं, ‘अंगात रक्त नाही, सव्वा महिन्यात भरून येईल.’ पहिलं क्वचितच खरं निघतं. दुसऱ्यापायी कामाचे सहा आठवडे फुकट जातात.

बहुतेक वेळा नस दाबली गेलेली असते, तीही प्रत्यक्ष बाळंतपणातच. कळा देताना मांड्या पोटाशी दुमडून, फाकवून बराच वेळ धरल्या की जांघेतून मांडीत उतरणारी नस चिमटते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाताला लागतो त्या हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून एक नस कातडीच्या अगदी खालून जाते. टेबलाचा आधार, कुणी तिथे घट्ट धरलेले हात किंवा तासभर उकिडवं बसणं एवढंही तिला पुरतं. बाळाचं डोकं खाली उतरताना कमरेतून पायाकडे जाणाऱ्या नसांवर रेलतं, ते तिसरं कारण. कमरेखाली भूल असेल तर पाय अवघडलाय हे बाईला कळत नाही आणि ती त्याच स्थितीत पडून राहते. इंजेक्शनचा संबंध असलाच तर बहुधा एवढाच. 2003 साली शिकागोच्या डॉक्टरांनी 6,000 हून अधिक बाळंतिणींना विचारून-तपासून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शंभरात जवळपास एकीला अशी नवी इजा सापडली. पहिलटकरणींना आणि कळा देण्याचा शेवटचा टप्पा लांबलेल्यांना जास्त. त्यातल्या निम्म्याजणी दोन महिन्यांच्या आत बऱ्या झाल्या होत्या.

म्हणजे घाबरण्यासारखं फार नाही. पण नस तिच्या वेगाने भरते, तो वेग आपल्या हातात नसतो. ती भरेपर्यंत स्नायू वाळू न देणं, सांधा आखडू न देणं, कातडी भाजू न देणं आणि बाईला पडू न देणं हे मात्र घरातल्यांच्या हातात असतं. हा लेख त्याबद्दलच आहे.

व्यायामाआधी : हे दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय

दोन्ही पाय दुबळे झाले आणि तासातासाला ताकद कमी होत चालली. बसतो त्या जागेची, मांड्यांच्या मधली जाणीव गेली. लघवी होतच नाही, किंवा नकळत होते. पाठीत इंजेक्शनच्या जागी जोराचं दुखणं आणि सोबत ताप. यातलं काहीही असलं तर मणक्यात रक्त किंवा पू साचून नसा दाबल्या जात असण्याची शक्यता असते, आणि त्यावरचा उपाय तासांच्या हिशोबात करावा लागतो. ‘आता खाडीवरची होडी बंद झाली, सकाळी बघू’ हे इथे चालत नाही. 108 ला फोन करा आणि ‘बाळंतीण आहे, पाय जातायत, लघवी अडलीय’ अशा साध्या शब्दांत सांगा.

दुसरी गोष्ट पोटरीची. एकच पोटरी सुजली, गरम लागते, दाबली की दुखते, तर रक्ताची गुठळी असू शकते. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे हा धोका जास्त असतो आणि पाय हलत नसेल तर आणखी वाढतो. अशा पायाला मालीश करायची नाही, अगदी हलक्या हातानेसुद्धा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट पाहायची नाही.

एकाच पायात दुबळेपणा आहे, तो वाढत नाही, लघवी-शौच ठीक आहे, अशांनीही डॉक्टरांना एकदा दाखवायचंच. पण पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

कुठली नस, हे घरी कसं ओळखायचं

पडवीतल्या बाकावर किंवा खुर्चीत बसा, सोबत कुणीतरी असू द्या. आधी चांगला पाय, मग दुबळा, म्हणजे फरक कळतो.

गुडघा सरळ करून पाय पुढे ताठ धरा. जमत नसेल, जिना उतरताना गुडघा दगा देत असेल, मांडीचा पुढचा भाग आणि नडगीची आतली बाजू घोट्यापर्यंत बधिर असेल, तर जांघेतली, म्हणजे मांडीची नस दबली आहे. बाळंतपणात पायाची ताकद जाते तेव्हा ही नस नेहमीची.

टाच जमिनीवर ठेवून चवडा वर उचला. उचलत नसेल, नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर असेल, तर हा लटकता पंजा. डॉक्टर त्याला फूट ड्रॉप म्हणतात. आता तळवा आतल्या बाजूला वळवून पाहा. तो जोरात वळत असेल तर दाब बहुधा गुडघ्याजवळ आहे. तोही वळत नसेल तर दाब वर, ओटीपोटात किंवा कमरेत असण्याची शक्यता वाढते. तपासणाऱ्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, कारण बरं व्हायला लागणारा काळ त्यावर ठरतो.

दोन गुडघ्यांत उशी धरून दाबा. एका बाजूने दाबता येत नसेल, मांडीची आतली बाजू बधिर असेल, चालताना पाय बाहेर फेकला जात असेल, तर मांड्या जवळ आणणाऱ्या स्नायूंची नस.

फक्त मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा जळजळते किंवा बधिर आहे आणि ताकद पूर्ण आहे, तर ती निव्वळ जाणिवेची नस. तिच्याबद्दल पुढे.

ताकद 0 ते 5 अशा आकड्यांत मोजतात. काहीच हालचाल नाही, 0. स्नायू नुसता थरथरतो, 1. पाय आडवा ठेवून, वजन न उचलता हलतो, 2. वजन उचलून पूर्ण हलतो, पण कुणी बोट लावलं तरी पडतो, 3. थोडा विरोध सहन करतो, 4. चांगल्या पायाइतका, 5. आज किती आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदाच पुन्हा मोजा. रोज मोजणाऱ्या बायका रोज निराश होतात.

आशाताई घरी येतातच. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्यांच्या भेटी ठरलेल्या असतात. त्या बाळाचं वजन बघतात, ताप बघतात. पायाचं आपण सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं? कॅलेंडर दाखवा, म्हणजे पुढे पाठवायचं की नाही हे त्यांनाही ठरवता येतं.

किती दिवस लागतील

दाबाने नसेचं फक्त वरचं आवरण खराब झालं असेल तर ते काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत भरून येतं. बाळंतपणातल्या बहुतेक इजा या प्रकारातल्या. आतला तंतूच तुटला असेल तर तो दाबाच्या जागेपासून पुन्हा वाढत यावा लागतो, आणि त्याचा वेग दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. जांघेपासून मांडीच्या स्नायूपर्यंतचं अंतर कमी, म्हणून चार-पाच महिन्यांत हालचाल दिसू लागते. पण तंतू ओटीपोटात तुटला आणि नडगीच्या स्नायूपर्यंत यायचा असेल तर अंतर 60 सेंटिमीटरच्या घरात जातं. म्हणजे दीड वर्षाच्या वर.

हा हिशोब मी बाईसमोर कागदावर मांडते. कारण ‘होईल हळूहळू’ या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही, आणि ‘हळूहळू’ म्हणजे किती हे माहीत असलं की माणूस तग धरतो.

नस किती बिघडली हे पाहायला एनसीव्ही आणि ईएमजी या तपासण्या असतात. पहिल्या आठवड्यात केल्या तर त्या फसव्या निघू शकतात. तंतू तुटल्याच्या खुणा स्नायूत उमटायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर. ही सोय प्रत्येक तालुक्यात नसते. सावंतवाडी-कुडाळकडची माणसं गोव्यात बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जातात, रायगडकडची मुंबईला, काहीजण घाट चढून कोल्हापूरला. आधी फोन करून तपासणीचा वार विचारा. ओल्या बाळंतिणीला चार तासांच्या प्रवासानंतर ‘आज डॉक्टर नाहीत’ ऐकायला लावू नका.

तीन महिने झाले आणि आकडा 0 किंवा 1 वरच अडला असेल, तर नसांच्या तज्ज्ञाला दाखवलंच पाहिजे. स्नायू नसेविना फार काळ, वर्ष-दीड वर्ष राहिला तर नंतर नस पोचूनही तो नीट जागा होत नाही. ही वेळ ‘बघू या’ म्हणत घालवायची नसते.

पहिले आठवडे : पडायचं नाही, भाजायचं नाही

भाजण्याचं आधी सांगते, कारण ते कोकणातल्या घरात सहज होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर बाळंतीण, अंगाला खोबरेल, कडकडीत पाण्याचं न्हाणं. शाबूत जाणिवेच्या बाईला चटका बसला की ती पाय काढून घेते. बधिर पायाला ते कळतच नाही. एका घरी बाईच्या पोटरीच्या बाहेरच्या अंगावर रुपयाएवढा फोड होता, फुटून ओला झालेला, आणि तिला तो कुंची शोधताना वाकल्यावर दिसला. शेगडी बंद करा म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, ‘अगो, शेकाशिवाय हिची कंबर कशी भरायची?’ त्यांचं चुकत नव्हतं. कमरेला शेक बरा वाटतोच. तेव्हा तडजोड अशी ठरली: शेगडी बाजेखालून काढायची, शेक फक्त कमरेला, कापडात गुंडाळलेल्या पिशवीने, आणि तापमान आधी बाईच्या हाताने किंवा चांगल्या पायाने पाहायचं. बधिर भागावर शेक नाही, बर्फही नाही, हिंग-मिरीचा झोंबणारा लेपही नाही. न्हाण्याचं पाणी दुसऱ्या कुणीतरी कोपर घालून पाहायचं. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या चिऱ्यावर अनवाणी पाऊल ठेवायचं नाही.

मालीश चालते. हलक्या हाताने, पावलाकडून वर, पोटरीला सूज नसेल तर. मालीशीने नस वाढत नाही, पण कातडी मऊ राहते, पाय कुणाच्यातरी हातात असतो, बाईला बरं वाटतं. मालीशवाल्या मावशींना एकच गोष्ट ठामपणे सांगा: गुडघ्याच्या बाहेरचा उंचवटा आणि जांघ इथे अंगठ्याने ‘नस सोडवायची’ नाही. आधीच दबलेल्या नसेवर आणखी दाब कशाला?

पोट बांधण्याचंही तसंच. जुन्या लुगड्याची पट्टी कमरेला आवळून बांधतात. ती बेंबीच्या उंचीला, श्वास घेता येईल इतकी सैल असेल तर हरकत नाही. पण बसता-उठता ती खाली घसरते आणि कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर येऊन रुतते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणीव देणारी नस नेमकी तिथूनच जाते. ज्यांना फक्त ती जळजळ आहे त्यांनी पट्टा, घट्ट नाडीचा परकर आणि जीन्स महिनाभर बाजूला ठेवून पाहावं. बऱ्याचजणींना याहून वेगळा उपाय लागत नाही.

आता पडण्याचं. दुबळ्या गुडघ्याची बाई रात्री बाळ रडलं की अर्धवट झोपेत उठते आणि तिथेच कोसळते. म्हणून पहिल्या दिवसांत नियम कडक ठेवा: उभं राहून, चालत बाळ घ्यायचं नाही. बाळ दुसऱ्याने उचलून बसलेल्या आईच्या मांडीवर द्यायचं. दूध पाजायची जागा एकच, भिंतीला टेकून, उंच खुर्चीत. जमिनीवर मांडी घालून किंवा पाटावर बसलं की उठताना सगळा जोर त्या गुडघ्यावर येतो. संडासाला उकिडवं बसणं बंद. कमोड नसेल तर भोक असलेली कमोडखुर्ची मिळते, ती भारतीय संडासावरही ठेवता येते. न्हाणीत स्टूल, आणि भिंतीला धरायला पक्का दांडा. पावसाळा असेल तर खळ्यातलं आणि मोरीबाहेरचं शेवाळ ब्लिचिंग पावडर टाकून काथ्याने घासून काढा. घरातल्या पुरुषांना काय मदत करू असा प्रश्न पडत असेल तर हे काम त्यांचं.

काठी चांगल्या बाजूच्या हातात. सगळे चुकतात ते इथेच. दुबळ्या बाजूला काठी धरली की अंग त्याच पायावर कलतं.

मांडीची ताकद : आकड्याप्रमाणे व्यायाम

एक नियम सगळ्या टप्प्यांना. दिवसातून तीनदा, दर वेळी 8 ते 10 हालचाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आदल्या दिवसापेक्षा दुबळा वाटला तर प्रमाण निम्मं. नस नुकती जोडली गेलेला स्नायू लवकर दमतो. त्याला झोडपून काढलं तर तो उलट मागे जातो. ‘जितका जास्त तितका लवकर’ हे इथे लागू नाही.

0 आणि 1. पाठीवर झोपा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल. आता दोन्ही गुडघ्यांनी टॉवेल खाली दाबा. दोन्ही पायांनी एकदम, कारण चांगल्या पायासोबत दुबळा पाय जागा व्हायला मदत होते. घरातल्या कुणीतरी गुडघ्याच्या वाटीच्या वर दोन बोटं ठेवावीत. स्नायू आवळला की वाटी मांडीकडे किंचित सरकते. डोळ्यांना दिसायच्या आधी ते बोटांना कळतं: आधी नुसती थरथर, काही दिवसांनी एक बारीक ओढ. ती ओढ लागली त्या दिवशी कॅलेंडरवर 1 लिहा. पाच सेकंद धरा, सोडा, श्वास रोखू नका. याशिवाय दुसऱ्याने दिवसातून दोनदा गुडघा आणि खुबा पूर्ण वाकवून-सरळ करून द्यायचा, म्हणजे सांधा आखडत नाही.

विजेचा करंट देऊन स्नायू आवळायला लावायचं यंत्र या टप्प्यावर उपयोगी पडू शकतं, पण ते फिजिओथेरपिस्टच्या हातून. बधिर कातडीवर पट्ट्या चुकीच्या लागल्या तर भाजतं. ऑनलाइन मागवून घरी प्रयोग नको.

2. चांगल्या कुशीवर झोपा, दुबळा पाय वर, दोन पायांच्या मधे उशांचा थर. वरच्या पायाचा गुडघा उशीवर घासत सरळ करा, पुन्हा वाकवा. पाय अडकत असेल तर खाली प्लास्टिकचं गुळगुळीत कापड घालून थोडी टाल्कम पावडर टाका. इथे वजन उचलायचं नसतं, म्हणून दुबळ्या स्नायूलाही पूर्ण हालचाल जमते.

3. खुर्चीत बसून गुडघा सरळ करा. नीट पाहा: शेवटचा थोडा भाग राहून जातो का? बऱ्याचदा पाय सरळ झाल्यासारखा वाटतो, पण टाच आणखी दोन बोटं वर जायची राहिलेली असते. चालताना गुडघा नेमका त्याच उरलेल्या भागात दगा देतो. त्यासाठी झोपून गुडघ्याखाली गुंडाळलेली गोधडी ठेवा, गोधडीवरून गुडघा न उचलता फक्त टाच उचला, पाच सेकंद धरा, आणि खाली आणताना उचलण्यापेक्षा दुप्पट वेळ घ्या. पाठीवर झोपून अख्खा पाय ताठ उचलायचा व्यायाम लोकप्रिय आहे, पण सिझर झालेल्यांनी तो सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत टाळावा. त्यात पोटाच्या टाक्यांवर ताण येतो. व्यायाम करताना लघवी सुटत असेल किंवा ओटीपोटात खाली दाब जाणवत असेल तर तो व्यायाम आपल्यासाठी अजून नाही.

4. आता उभ्याने. उंच खुर्चीवर दोन उश्या ठेवून त्यावरून हात न टेकता उठा, बसा. जमू लागलं की एक उशी काढा, मग दुसरी. ही उंचीच तुमची मोजपट्टी. खिडकीचे गज धरून थोडंच वाकणं, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून. मग घराची सर्वात खालची पायरी: दुबळा पाय वर ठेवा, चढा, आणि त्याच पायावर तोल सांभाळत चांगला पाय सावकाश खाली टेका. खाली येतानाचा तो सावकाशपणा हाच खरा व्यायाम. गुडघा मागे ढकलून कुलूप लावल्यासारखा ताठ करून उभं राहायची सवय मात्र मोडा. पडणं टळतं, पण काही महिन्यांत गुडघ्याची मागची बाजू ताणली जाऊन कायमची दुखू लागते. तोवर गुडघ्याचा पट्टा लागला तर वापरा, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

पंजा लटकत असेल तर

आधी आधार, मग व्यायाम. पाऊल काटकोनात धरणारी प्लास्टिकची पट्टी, एएफओ, मापाने बनवून घ्या. ती मागे पट्टा असलेल्या सँडलमध्ये किंवा बुटात बसते, स्लिपरमध्ये नाही. काढल्यावर कातडी पाहा. लाल वळ वीस मिनिटांत गेला नाही तर ती रुततेय. बनवणाऱ्याकडे परत जा. वरची कड गुडघ्याबाहेरच्या उंचवट्यावर येता कामा नये, नाहीतर जिथे नस दबली तिथेच ती पुन्हा दाबेल.

पंजा लटकत राहिला की टाचेची शीर आखडते, आणि मग नस परत आली तरी पाऊल वर येत नाही. म्हणून चवड्याला ओढणी अडकवून, गुडघा सरळ ठेवून पाऊल स्वतःकडे ओढा, 30 सेकंद, तीन-चार वेळा, दिवसातून तीनदा. हे एकही दिवस चुकवू नका. बाकी व्यायाम एखादा दिवस राहिला तर चालेल. रात्री पावलांवर जड गोधडी नको.

ताकदीसाठी: बसून दोन्ही चवडे एकदम उचला. दुबळा उचलत नसेल तर हाताने वर न्या, हात सोडा, आणि जमेल तितका सावकाश खाली येऊ द्या. स्नायूला वर उचलणं जमण्याआधी रोखून धरणं जमू लागतं. मग पाऊल बाहेरच्या बाजूला वळवणं. पायावर पाय टाकून बसणं, उकिडवं बसून मासे निवडणं, आडाळ्यावर तासभर बसून नारळ खवणं बंद. ओट्यावर उभ्याने, टेकून करा.

बसवत नाही, पण चालता येतं

बसलं की खालची जागा जळते, उभं राहिलं किंवा कमोडवर बसलं की बरं वाटतं, असं असेल तर ओटीपोटाच्या तळाची नस ताणली गेली आहे. दोन टॉवेलच्या वळकट्या करून दोन मांड्यांखाली एकेक ठेवा, मधली जागा मोकळी राहू द्या. बाळाला कुशीवर झोपून पाजा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. खालचे स्नायू आवळायचे व्यायाम सगळ्यांना सरसकट सांगितले जातात, पण दुखत असताना ते स्नायू आधीच आवळलेले असतात. आधी पोट फुगवत सावकाश श्वास घेऊन ते सैल सोडायला शिका. वारा किंवा शौच आवरत नसेल तर लाजून घरात बसू नका. खालच्या टाक्यांजवळचा स्नायू तपासून घ्यायला लागतो.

घराबाहेर

पाखाडीच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या कधीच नसतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आणि काठी आधी. सोबतच्या माणसाने उतरताना पुढे एक पायरी खाली राहायचं, चढताना मागे. उतरणं चढण्यापेक्षा अवघड, तेव्हा सड्यावरच्या घरातून बाजारात जाताना जोर राखून ठेवा. एसटीची पायरी फारच उंच. डाव्या-उजव्या दोन्ही दांड्या धरता येतील असे हात मोकळे हवेत, म्हणजे बाळ आणि पिशवी दुसऱ्याकडे. स्कूटर किंवा गाडी, ब्रेकचा पाय दणकन दाबता येईपर्यंत चालवायची नाही.

लावणीच्या दिवसांत बाळंतपण झालेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. बधिर पावलाला काटा लागलेला कळत नाही, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या भातखाचरांत पावसाळ्यात लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. जंतू जखमेतून शिरतो. पावलाची जाणीव येईपर्यंत चिखलात उतरू नका. रोज रात्री पाऊल, बोटांच्या बेचक्यांसकट, उजेडात पाहा. ताप आला तर चिखलाचा उल्लेख डॉक्टरांजवळ करा.

औषधं आणि खाणं

बी-12 ची गोळी जवळपास सगळ्यांना मिळते. शरीरात ते कमी असेल, जे शाकाहारी घरात नेहमीचं आहे, तर तिचा खरा उपयोग. एरवी गोळी व्यायामाची जागा घेत नाही. साखर आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी नक्की. जळजळीवर नसांची वेगळी औषधं असतात, ती घेताना अंगावर पाजते आहे हे डॉक्टरांना सांगा. स्नायू भरायला प्रथिनं लागतात: मुडदुशीचं कालवण, अंडं, कुळथाची पिठी, मूग, दूध. डिंकाचे लाडू खा, पण जेवणाऐवजी नाही.

आणि झोप. रात्रभर जागून सकाळी व्यायाम होत नाही. रात्रीची एक पाळी दुसऱ्याने सांभाळावी. बाई सतत रडवेली असेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर तो पायाचा त्रास म्हणून सोडून देऊ नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

पुढच्या बाळंतपणाआधी

एकदा असं झालं म्हणून पुढचं सिझरच करावं लागेल असं नाही. पण गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, आणि या वेळचे डिस्चार्जचे कागद व एनसीव्हीचा रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. कळा देताना कुशीवर किंवा अर्धवट उठून बसून, पाय दर काही मिनिटांनी सोडून, मांड्या पूर्ण दुमडून न धरता ठेवता येतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाताने किंवा टेबलाने दाब येत असेल तर तिथे कापडाची घडी ठेवायला सांगता येतं. भूल घेतली असेल तर ‘पाय हलवा’ ही आठवण करून देणारं माणूस शेजारी लागतं. दवाखान्यात सोबतीला एकीलाच आत सोडणार असतील, तर जी हे ठामपणे बोलू शकेल तिला न्या.